वाटाण्याला घाई नसते

दोनदा परीक्षेत अपयश, ताण आला की थेट अंथरूण. ग्रेगोर मेंडेलची ही बाजू बायोलॉजीच्या पुस्तकात येत नाही.

दहावी-बारावीच्या बायोलॉजीत तुमची मेंडेलशी गाठ पडलेली आहे. उंच झाड, बुटकं झाड, तीनास एक हे गुणोत्तर, तो चौकोनी तक्ता आणि त्यावर हमखास येणारा प्रश्न. सायन्स सोडून कॉमर्स किंवा आर्ट्सला गेला असाल, तरी वाटाणे आणि मेंडेल ही जोडी डोक्यात कुठेतरी असणारच. पण ज्याच्या नावावर आपण मार्क मिळवले, त्याला स्वतःला परीक्षेनं किती छळलं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मेंडेलला शिक्षक व्हायचं होतं. त्यासाठीची परीक्षा त्याने दोनदा दिली आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आला. पहिल्या वेळी ज्या विषयांत तो कमी पडला, त्यांत प्राणिशास्त्र होतं!

सबमिशनच्या आदल्या रात्री छातीत धडधडणं, व्हायव्हाच्या सकाळी पोट बिघडणं, केटी लागेल या धास्तीने फॉर्मच न भरणं, हे तुम्हाला नवीन नसेल. मग ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

घरची ओढाताण

योहान मेंडेलचा जन्म 1822 चा. गाव हाइन्झेंडॉर्फ, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातलं, आज चेक प्रजासत्ताकात. वडील अंतोन शेतकरी. स्वतःची शेती सांभाळून त्यांना आठवड्यातले काही दिवस जमीनदाराकडे वेठबिगारी करावी लागायची. पोरगा हुशार, म्हणून आई-वडिलांनी ऐपत नसताना त्याला शिकायला बाहेरगावी ठेवलं.

1838 मध्ये काम करताना वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला. जबर जखमी झालेल्या वडिलांना शेती झेपेना आणि घरून येणारे पैसे आटले. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवू लागला. या ओढाताणीत तो आजारी पडला आणि काही महिने घरी अंथरुणावर होता. पुढे 1840 मध्ये ओलोमोउत्स शहरात उच्च शिक्षणाला गेला. ओळखीपाळखी नाहीत, शिकवण्या मिळेनात. पुन्हा तेच झालं. शिक्षण थांबवून तो घरी आला आणि जवळपास वर्ष तसंच गेलं.

शेती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे गेली होती. धाकटी बहीण तेरेझियाने आपल्या हुंड्यासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाच्या शिक्षणाला दिला. हे ऋण मेंडेल विसरला नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला त्याने हातभार लावला.

1843 मध्ये तो ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळालं. मठात येण्यामागे श्रद्धा होती, तशी एक साधी गरजही होती. उद्याच्या जेवणाची काळजी तिथे मिटणार होती.

पळ काढणारं शरीर

धर्मगुरू झाल्यावर मेंडेलकडे आजारी आणि मरणाच्या दारातल्या माणसांना भेटून धीर देण्याचं काम आलं. ते दुःख बघून तो स्वतःच आजारी पडू लागला. मठाचे प्रमुख सिरिल नाप यांनी हे ओळखलं. त्याला नालायक न ठरवता त्यांनी 1849 मध्ये झ्नोय्मो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवलं. तिथे तो रमला. मुलांना तो आवडायचा, सहकाऱ्यांनाही.

पण कायम व्हायचं तर सरकारी परीक्षा हवी. शाळेतलं काम सांभाळून, एकट्याने अभ्यास करून मेंडेल 1850 मध्ये परीक्षेला बसला. भौतिकशास्त्रात ठीक झालं, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्रात उत्तरं कोलमडली. नापास.

नाप यांनी त्याला व्हिएन्ना विद्यापीठात धाडलं. तिथे ख्रिश्चन डॉपलरसारख्या प्राध्यापकाकडून तो भौतिकशास्त्र शिकला. तोच तो, डॉपलर इफेक्टवाला. फ्रान्झ उंगर यांच्याकडून वनस्पतिशास्त्र शिकला. मोजायचं कसं, प्रयोग आखायचा कसा, हे इथे त्याच्या हाडीमांसी भिनलं. 1854 पासून तो ब्रनोच्या शाळेत शिकवू लागला, अर्थात बदली शिक्षक म्हणूनच.

1856 मध्ये तो दुसऱ्यांदा परीक्षेला गेला. या वेळी तयारी होती, व्हिएन्नाचं शिक्षण होतं, वय चौतीसच्या घरात होतं. तरी परीक्षा अर्धवट सोडून तो परतला आणि आजारी पडला. प्रकरण इतकं गंभीर की वडील आणि काका गावाहून त्याला बघायला ब्रनोला आले. यानंतर त्याने ती परीक्षा कधीच दिली नाही.

आता जरा थांबून विचार करा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज बसून आजाराचं लेबल लावण्यात अर्थ नाही. पण क्रम ओळखीचा वाटतो ना? ताण वाढतो, शरीर संपावर जातं, आपण माघार घेतो, क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि पुढची परीक्षा पहिल्यापेक्षा दुप्पट मोठी दिसायला लागते. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. हे आळशीपणातून होतंच असं नाही. निकाल आत्ता, या क्षणी कळावा, मग तो वाईट का असेना, ही घाई आपल्याला पेपर सोडायला लावते. नापास होण्याची वाट बघण्यापेक्षा स्वतःच नापास होऊन मोकळं होणं सोपं वाटतं.

तेच वर्ष, दुसरं काम

1856 हे मेंडेलच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष ठरायला हवं होतं. त्याच वर्षी त्याने मठाच्या बागेत वाटाण्याच्या संकराला सुरुवात केली.

खरं तर त्याआधीची दोन वर्षं त्याने नुसती तयारीत घालवली होती. व्यापाऱ्यांकडून वाटाण्याचे 34 वाण आणले. ते दोन वर्षं लावून पाहिले, कुठला वाण पिढीमागून पिढी तस्साच उगवतो ते तपासलं, आणि त्यातले 22 ठेवले. मग प्रश्न छोटा केला. अख्ख्या झाडाचं कोडं सोडवायला न जाता त्याने सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटकं, असे. प्रत्येक गुणाचं उत्तर दोनातलं एक.

काम कसं होतं बघा. कळी उमलायच्या आत ती हलक्या हाताने उघडायची. चिमट्याने परागकोश काढून टाकायचे, म्हणजे फुलाचं आपल्याच परागांनी फलन होणार नाही. मग दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर लावायचे आणि कीटक येऊ नयेत म्हणून फुलाला छोटी पिशवी बांधायची. झालं. आता शेंग भरेपर्यंत तुमच्या हातात काहीही नाही. वाटाणा त्याच्याच वेळेला पिकणार. पुढची पिढी बघायची तर पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं.

पहिल्या पिढीत गोल आणि सुरकुतलेल्या वाणांच्या संकरातून सगळे दाणे गोल आले. इथे थांबला असता, तर सुरकुतलेपण नाहीसं झालं असं त्याने लिहून टाकलं असतं. दुसऱ्या पिढीत 7324 दाणे मिळाले, त्यांतले 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. हरवलेला गुण परत आला होता, साधारण तीनास एक या प्रमाणात. इथेही तो थांबला नाही. त्या गोल दाण्यांतून त्याने 565 झाडं वाढवली. त्यांपैकी 193 झाडांनी फक्त गोल दाणे दिले. उरलेल्या 372 झाडांनी दोन्ही प्रकारचे दाणे दिले. म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या गोल दाण्यांच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हे कळायला तिसरी पिढी लागली. प्रत्येक हंगामाने मागच्या हंगामाच्या निकालाचा अर्थ बदलला.

आणखी दोन गोष्टी त्याच्या लेखात आहेत, त्या पुस्तकात सहसा येत नाहीत. एका झाडाला 43 गोल दाणे आणि फक्त 2 सुरकुतलेले लागले. दुसऱ्या झाडाला 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. एकेकटं झाड पाहिलं तर तीनास एक वगैरे सगळं खोटं वाटेल. मेंडेलने हे आकडे लपवले नाहीत आणि त्यांना घाबरलाही नाही. शेकडो झाडांची बेरीज केली की चित्र स्पष्ट होतं, हे त्याला माहीत होतं. तुमचा एक पेपर, एक इंटरव्ह्यू, एक वाईट सेमिस्टर हेही असंच एखादं झाड आहे. त्याची नोंद करायची, त्यावरून स्वतःचा निकाल लावायचा नाही.

दुसरी गोष्ट शेंगेच्या रंगाची. एका प्रयोगात दोनास एक येईल असं वाटत असताना 60 आणि 40 असा निकाल आला. अपेक्षेपासून लांब. मेंडेलने तो प्रयोग पुन्हा केला, म्हणजे पुन्हा पेरणी, पुन्हा मोजणी. या वेळी 65 आणि 35 आले. परीक्षेच्या हॉलमधून उठून जाणारा माणूस आणि बिघडलेला प्रयोग शांतपणे परत लावणारा माणूस एकच होता.

1856 ते 1863 अशी आठ वर्षं हे चाललं. साधारण 28 हजार झाडं त्याच्या हाताखालून गेली. शाळा सुटली नव्हती, मठाची कामंही होती.

इथे धीर म्हणजे काय, ते नीट दिसतं. धीर म्हणजे हात बांधून वाट बघत बसणं नव्हे. आजचं काम आज पूर्ण करायचं, एका कळीचं, मन लावून. जे हातात नाही, ते हंगामावर सोडायचं. डोक्याला धास्ती घालणारा प्रश्न असतो, माझं पुढे काय होणार? बागेतला प्रश्न होता, आज कुठल्या कळ्या उघडायच्या? पहिल्याला आज उत्तर नाही. दुसऱ्याला आहे.

धीर आणि हट्ट

गोष्ट गोड शेवटाची करायची, तर खोटं बोलावं लागेल. 1865 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मेंडेलने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात आपलं काम वाचून दाखवलं. 1866 मध्ये ते छापून आलं. त्याच्या 40 प्रती त्याने मागवून घेतल्या. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नेगेली या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याचा अनेक वर्षं पत्रव्यवहार चालला, पण नेगेलींना त्या कामाचं मोल कळलं नाही. मेंडेल मग हॉकवीड या वनस्पतीवर प्रयोग करू लागला. बारीक फुलांवर काम करून डोळे दुखावले आणि वाटाण्याचा नियम तिथे दिसेना. कारण त्या वनस्पतीत बरेचदा फलन न होताच बी तयार होतं. ही गोष्ट तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती.

1868 मध्ये तो मठाचा प्रमुख झाला. 1874 मध्ये मठांवर कर बसवणारा कायदा आला. मेंडेलने तो कर द्यायला नकार दिला आणि मरेपर्यंत सरकारशी भांडत राहिला. त्यात वर्षं गेली, माणसं दुरावली, तब्येत खचली. वरून पाहिलं तर हाही धीरच वाटतो. फरक असा की बागेत तो दर हंगामाला नवीन आकडे बघून पुढचं पाऊल ठरवायचा. कराच्या भांडणात त्याने पाऊल आधीच ठरवलं होतं. समोर जे दिसतंय त्याप्रमाणे बदलायची तयारी असते तो धीर, नसते तो हट्ट. आपणही कधीकधी चुकीच्या कोर्सला, चुकीच्या नात्याला चिकटून बसतो आणि त्याला चिकाटी म्हणतो. तेव्हा हा फरक आठवा.

6 जानेवारी 1884 रोजी मेंडेल गेला. 1900 मध्ये द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून त्याचे नियम पुन्हा उजेडात आले. अख्खं जेनेटिक्स त्याच्यावर उभं राहिलं. हे पाहायला तो नव्हता. त्यामुळे धीर धरला की यश मिळतंच, असं त्याच्या आयुष्यावरून म्हणता येणार नाही. पण बागेतली ती आठ वर्षं, ताणाने वारंवार आडवा होणारा माणूस दर हंगामाला उभा राहिला आणि त्याने काम पूर्ण केलं, एवढं नक्की म्हणता येतं.

तो एकटा नव्हता, हेही विसरू नका. बहिणीने पैसे दिले, नाप यांनी न झेपणारं काम काढून घेऊन झेपणारं दिलं, वडील आजारपणात धावून आले. तुमचं शरीर सारखं संपावर जात असेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर तेव्हा एकट्याने धीर धरायचा नसतो. घरच्यांशी, मित्राशी, कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.

बाकी रोजच्या धास्तीवर उपाय बागेतलाच. अख्खा सिलॅबस एकदम डोळ्यांसमोर आणू नका. आज एक प्रश्न निवडा, छोटा, उत्तर देता येईल असा. तो सोडवा, वहीत तारीख टाका, वही बंद करा. उद्या पुढची कळी.