दोन इंचांची गोष्ट : प्रा. मधु दंडवते

सुट्टी लागली की आपलं निम्मं हॉस्टेल स्लीपर क्लासने घराकडे पळतं. कुणी नागपूर, कुणी नांदेड, कुणी सावंतवाडी. वेटिंग लिस्टवरून, लेट गाड्यांवरून, पाणचट चहावरून आपण रेल्वेला मनसोक्त शिव्या घालतो. पण बर्थवरच्या गादीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ती जणू पहिल्यापासून तिथेच होती! तसं अजिबात नाही. १९७७ पर्यंत सेकंड क्लासचा प्रवासी रात्रभर नुसत्या लाकडी फळीवर झोपायचा. ही फळी बदलायला लावणारा माणूस फिजिक्सचा प्राध्यापक होता. नाव मधु दंडवते. १२ नोव्हेंबर २००५ला ते गेले, तेव्हा आमची बॅच पाळण्यात होती. माझ्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचं नाव कधी आलं नाही, म्हणून हा लेख.

दंडवतेंचा जन्म २१ जानेवारी १९२४चा, अहमदनगरचा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं. मधेच १९४२ची चळवळ आली आणि ते तिच्यात उतरले. पुढे डॉ. आंबेडकरांनी उभ्या केलेल्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षं फिजिक्स शिकवलं. समाजवादी पक्षाचं काम एकीकडे आणि लेक्चर्स दुसरीकडे, असं चालायचं. १९५५च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मारही त्यांनी खाल्ला.

१९७१च्या जानेवारीत बॅ. नाथ पै अचानक गेले. कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले आणि लोकसभेवर निवडून आले. तिथपासून लागोपाठ एकूण पाच वेळा. पाचांतली एक निवडणूक १९८४ची होती, काँग्रेसची लाट असतानाची. नाथ पैंकडून त्यांना मतदारसंघाबरोबर एक अधुरी मागणीही मिळाली, कोकण रेल्वेची.

आणीबाणीत १९७५ साली त्यांना बंगलोरमध्ये अटक झाली. वाजपेयी आणि अडवाणीही त्यांच्याबरोबर होते. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात, हे बंगलोरच्या. संसार काय तो पत्रांतून. मार्च १९७७ मध्ये सरकार बदललं आणि तुरुंगातून सुटलेला हा प्राध्यापक थेट रेल्वेमंत्री झाला.

पहिला प्रश्न होता माणसांचा. मे १९७४च्या देशव्यापी रेल्वे संपानंतर हजारो कामगारांना नोकरीवरून काढलं होतं. दंडवतेंनी त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. मग वेळ आली फळीची. १९७४ साली थर्ड क्लास हे नाव रद्द झालं होतं, सगळे सेकंड क्लास झाले होते. पण डब्यावरची पाटी बदलली तरी फळी तीच राहिली. दंडवतेंचं गणित सरळ होतं. फर्स्ट क्लासच्या सोयी काढून घेऊन समता येत नाही, सेकंड क्लास वर उचलावा लागतो. त्यांनी बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायचं ठरवलं. २६ डिसेंबर १९७७ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात फर्स्ट क्लासच नव्हता, सगळ्यांना एकच वर्ग. मग हा फोम आधी मोठ्या मार्गांवर आणि १९८०चं दशक संपेपर्यंत जवळपास सगळ्या गाड्यांत पोचला.

दोन इंच ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण रेल्वेत एक बर्थ बदलला असं होत नाही, हजारो डबे बदलावे लागतात. शिवाय नवी गाडी सुरू केली की हिरवा झेंडा, हार, फोटो. फोमचं उद्घाटन कोण करणार? गंमत बघा, त्याच काळात कॅनडात रेल्वे कंपन्यांना प्रवासी गाड्या तोट्याच्या म्हणून नकोशा झाल्या होत्या आणि सरकारला त्यांच्यासाठी व्हिया रेल नावाची वेगळी कंपनी काढावी लागली. आपल्याकडे प्रवासी कमी पडतील ही चिंता कधीच नव्हती. त्याला माणसासारखं नेतो का, एवढाच प्रश्न होता.

जुलै १९७९ मध्ये ते मंत्रिपद संपलं. कोकणची गाडी मात्र अजून रोह्यालाही पोचली नव्हती, तिथे यायला तिला १९८६ उजाडलं. पुढे सगळा डोंगर. मुंबईत राबणारा चाकरमानी गणपतीला एसटीने घाटातली वळणं मोजत जायचा. रेल्वेच्या बजेटमधून दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळाले असते तर हा मार्ग आणखी दोन पिढ्या झाला नसता. डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि वाट निघाली. बजेटची वाट न बघता स्वतंत्र कॉर्पोरेशन काढायचं, ५१ टक्के भाग केंद्राचा, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचा, आणि उरलेला पैसा रोखे विकून बाजारातून उभा करायचा. १९ जुलै १९९०ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. ई. श्रीधरन प्रमुख झाले. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, नव्वदहून जास्त बोगदे, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवलचा पूल. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

आणि कोकणाने काय केलं? कॉर्पोरेशन निघाल्यानंतर वर्षभरातच, १९९१ साली, राजापुरात दंडवते हरले. आपल्याकडे ज्याने पैशाची सोय केली तो आठवत नाही, फीत कापणारा आठवतो. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, पण कोकणचे खासदार पुन्हा झाले नाहीत. गेल्यावर त्यांचं शरीरसुद्धा, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, जे.जे. हॉस्पिटलला दिलं गेलं. म्हणजे प्राध्यापक शेवटपर्यंत विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला.

आपण इंजिनिअर होणार. उद्या आपल्यातलं कुणी मेट्रोचं डिझाइन करेल, कुणी बसचं. प्रेझेंटेशनमध्ये टॉप स्पीड आणि चकाचक स्टेशन दाखवायला सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण सगळ्यात स्वस्त तिकीट काढणाऱ्याची पाठ कशावर टेकणार आहे, ही ओळ स्पेसिफिकेशनमध्ये कुणीतरी लिहावी लागते. दंडवते सरांनी ती लिहिली. सीबीडी बेलापूरला कधी उतरलात तर कोकण रेल्वेच्या मुख्यालयाकडे एक नजर टाका. कॉलेजपासून लांब नाही, आणि त्या इमारतीमागे एका फिजिक्सच्या मास्तरांची अर्धी हयात आहे.