टिटवं हातात घेऊन पुढं चाललेली बाई : सावित्रीबाई फुले
10 मार्च पुण्यतिथी विशेष

चाकण : दरवर्षी 8 मार्चला महिला दिन होतो. चाकण, भोसरी, तळवडे पट्ट्यात पाळीवर जाणाऱ्या महिलांना गुलाबाचं फूल मिळतं, गावोगाव हळदीकुंकू आणि सत्कार होतात. त्यानंतर दोनच दिवसांनी, 10 मार्चला सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथी येते. फोटोला हार घातला जातो आणि विषय तिथंच संपतो. स्त्रीवाद हा शब्द निघाला की पारावर बसलेली मंडळी म्हणतात, हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं खूळ आहे. पण या शब्दाचा अर्थ ज्यांनी जगून दाखवला, त्या सावित्रीबाई एका खेड्यातल्या पाटलाची लेक होत्या.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा. गाव नायगाव, आजचा खंडाळा तालुका, जिल्हा सातारा. वडील खंडोजी नेवसे पाटील. 1840 साली नवव्या वर्षी त्यांचं लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झालं. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. लग्न झालं तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच पाटी-पेन्सिल दिली, शेतात काम करता करता शिकवलं. पुढं शिक्षिकेचं प्रशिक्षणही झालं.

1848 साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेत सेनेका फॉल्स या गावी बायकांची सभा भरली आणि मताचा हक्क मागण्यात आला. जगभर स्त्री-हक्काच्या चळवळीची सुरुवात सांगताना या सभेचं नाव घेतलं जातं. तिकडं ठराव होत होते त्याच साली इकडं पुण्यात पोरींच्या हातात पाटी आली होती. स्त्रीवाद हा शब्द तर युरोपात त्या शतकाच्या शेवटी-शेवटी रुळला. काम आधी झालं, नाव मागून आलं.

शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, खडे मारायचे. सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं ठेवायच्या, शाळेत गेल्यावर बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. बाहेरच्यांनी हे केलं, तसं घरातूनही झालं. समाजाच्या दडपणाखाली सासरे गोविंदरावांनी 1849 साली दोघांना घराबाहेर काढलं. आसरा दिला तो उस्मान शेख यांनी. त्याच घरातल्या फातिमा शेख पुढं सावित्रीबाईंच्या बरोबरीनं शिकवू लागल्या.

1851 अखेर फुले दांपत्याच्या मुलींच्या तीन शाळा चालू होत्या. महार-मांग समाजातल्या मुलामुलींसाठीही शाळा निघाल्या. 1852 च्या नोव्हेंबरात सरकारनं विश्रामबाग वाड्यात या कामाचा जाहीर सत्कार केला. या शाळांचं खरं फळ मात्र 1855 साली दिसलं. मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुक्ता या विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’ मध्ये छापून आला. आपल्या समाजातल्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे तिनं त्यात मांडलं. चार-पाच वर्षांपूर्वी जिला पाटी शिवायची मुभा नव्हती, ती मुलगी पुण्याच्या शहाण्यांना प्रश्न विचारू लागली होती.

त्या काळात मुलींची लग्नं पाळण्यात व्हायची. नवरा गेला की पोर आयुष्यभर विधवा. घरातल्याच कुणी फसवलं आणि दिवस गेले, तर जीव देणं किंवा जन्मलेलं मूल मारणं एवढेच दोन रस्ते उरायचे. फसवणारा मोकळा राहायचा, शिक्षा बाईला. फुले दांपत्यानं 1863 साली आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी गुपचूप यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, मूल ठेवून गेलं तरी चालेल, अशी सोय केली. परक्या बायकांची बाळंतपणं, रात्रीची जागरणं, बाळांचं दूधपाणी, हे सगळं सावित्रीबाईंनी केलं. अशाच एका विधवेचं मूल त्यांनी 1874 साली दत्तक घेतलं. तोच यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केलं.

उत्तर पुणे जिल्ह्याशीही सावित्रीबाईंचा थेट संबंध आहे. 1876-77 चा दुष्काळ मोठा होता. विहिरी आटल्या, जनावरं मेली, माणसं गाव सोडून निघाली. त्या वेळी सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. सावकार लोकांना कसे नाडतात, सत्यशोधक कार्यकर्त्यांवर कशी बालंटं येतात, याची खबर त्यात आहे. कलेक्टरपुढं उभं राहून त्यांनी कार्यकर्त्यांची बाजू मांडली. बाई घराबाहेर पडून सरकारी साहेबाशी बोलते, हे त्या काळी अजबच होतं.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेच्या वेळी वाद उभा राहिला. प्रेतापुढं टिटवं, म्हणजे विस्तवाचं मडकं, कोणी धरायचं? यशवंत दत्तक, तोही विधवेचा मुलगा. भाऊबंदांनी हरकत घेतली. टिटवं धरणारा तो वारस, असा रिवाज. म्हणजे भांडण मडक्याचं दिसत होतं, मुळात होतं ते हक्काचं. वादावादी चालू असताना एकोणसाठ वर्षांच्या सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि चालू लागल्या. नवऱ्याला अग्नीही त्यांनीच दिला. ज्या काळात विधवेनं कोपऱ्यात बसायचं, त्या काळात ही विधवा सगळ्यांच्या पुढं चालली.

त्यानंतरही सहा वर्षांहून अधिक काळ त्या थांबल्या नाहीत. 1893 साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद झाली, तिचं अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषवलं.

1897 साली पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. त्या वर्षाचं नाव निघालं की आपल्याकडं चिंचवडचे चापेकर बंधू आठवतात. 22 जून 1897 रोजी त्यांनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळकरी पोरंही सांगतात. त्याच्या तीन महिने आधी काय घडलं, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. डॉक्टर यशवंतनं हडपसरच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना मांडला होता. सावित्रीबाई स्वतः रोगी आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. वय सहासष्ट.

आता त्या टिटव्याकडं पुन्हा बघायला हवं. आजही एखाद्या मुलीनं बापाला अग्नी दिला की त्याची बातमी होते. चाकण, खेड, मावळ पट्ट्यात एमआयडीसी आली, रिंगरोडची मोजणी झाली, जमिनीला सोन्याचा भाव आला. भाव आला की भाऊ बहिणीकडं जातो, हक्कसोडपत्रावर सही मागतो. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायदा बदलला. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा वाटा लेकाएवढाच आहे. कायदा आहे, पण सही नाही केली तर माहेर तुटेल, ही भीती कायद्याहून मोठी ठरते. साडीचोळीवर बोळवण होते आणि सातबाऱ्यावरचं नाव जातं.

स्त्रीवादाचा अर्थ याहून अवघड नाही. हक्क ज्याचा त्याला, मग तो लेक असो वा लेकी. यात पुरुषाला खाली पाडायचं नाही. सावित्रीबाईंच्या हातात पहिली पाटी नवऱ्यानंच दिली होती, आणि आसरा देणारे उस्मान शेखही पुरुषच होते.

उद्या फोटोला हार जरूर घालावा. त्याबरोबर घरातला सातबारा काढून त्यावर लेकीचं, बहिणीचं नाव आहे का, तेही बघावं. नसेल तर तलाठी कार्यालय काही लांब नाही.