आगीत हुकूम कुणाचा चालणार? हा प्रश्न सोडवणाऱ्या जेम्स ब्रेडवुडची गोष्ट

दिवाळी झाली की खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या बुलढाणा जिल्ह्यातल्या पट्ट्यात जिनिंगचा सीझन सुरू होतो. आवारात कापसाच्या गंज्या लागतात, रेचे रात्रंदिवस फिरतात. आणि सीझनमध्ये कुठल्या तरी जिनिंगला आग लागल्याची बातमी कानावर येतेच. कापसाबरोबर एखादा खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला, ठिणगी उडाली, की पुढचं बघायला नको.

पालिकेचा बंब येतो तेव्हा आवारात काय चाललेलं असतं? मालकाला आधी गठाणी वाचवायच्या असतात. मॅनेजरला मशीनची काळजी. हमाल सरकीच्या ढिगाकडे बोट दाखवतात, आणि गर्दीतला प्रत्येक जण बंबवाल्याला पाणी कुठं मारायचं ते ओरडून सांगत असतो.

हा गोंधळ काही आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच गोंधळात एक अख्खं शहर होरपळलं होतं, आणि २४ वर्षांच्या एका पोराने त्यातून आग विझवण्याची शिस्त उभी केली. त्याचं नाव जेम्स ब्रेडवुड. आज फायरमनला ट्रेनिंगमध्ये जे शिकवतात, त्यातल्या कित्येक गोष्टींचा धागा त्याच्यापर्यंत जातो. पुढे त्याला मरण आलं तेही कापूस आणि तागाने भरलेल्या गोदामाच्या भिंतीखाली.

जेम्सचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरातला. वडील फर्निचर बनवायचे. शाळा झाल्यावर पोरगं घरच्याच धंद्यात शिरलं, बांधकामाचं काम शिकलं. भिंत कशावर उभी असते, तुळई कुठे टेकते, लाकूड कसं जळतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे हीच माहिती त्याचं मोठं हत्यार ठरली.

त्या काळी आग विझवणं हे सरकारचं काम नव्हतं. विमा कंपन्या आपापल्या टोळ्या पाळायच्या. ज्याने विमा काढलाय त्याच्या घरावर कंपनीची धातूची पाटी ठोकलेली असायची आणि प्रत्येक टोळी आपल्या कंपनीचं नुकसान वाचवायला धडपडायची. एडिनबरा शहरात एकामागून एक आगी लागल्या, तेव्हा नगरपालिका आणि विमा कंपन्यांनी मिळून १८२४ मध्ये शहराचं एकच अग्निशमन दल काढलं. सगळ्या ब्रिटनमध्ये अशा तऱ्हेचं हे पहिलं दल. त्या ऑक्टोबरमध्ये ब्रेडवुडला त्याचं प्रमुख केलं.

पण त्याला तयारीला वेळच मिळाला नाही.

१५ नोव्हेंबर १८२४ च्या रात्री हाय स्ट्रीटजवळच्या एका बोळात, नक्षी कोरणाऱ्याच्या कारखान्यात आग लागली. जवसाचं तेल तापवत ठेवलं होतं, ते पेटलं. जुनं एडिनबरा म्हणजे उतारावर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या उंचच उंच इमारती आणि मधे हातभर रुंदीचे बोळ. बंब आत जाईनात. आग एका घरातून दुसऱ्या घरात सरकत गेली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांनी ट्रॉन चर्चचा मनोराही पेटला. आग काही दिवस चालली, १३ माणसं गेली आणि शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली.

शहराने आधी बोट दाखवलं ते ब्रेडवुडकडे. कालपरवा नेमलेला पोरगा, त्याला काय जमणार? पण चौकशी झाली तेव्हा वेगळंच बाहेर आलं. आगीच्या जागी नगरपालिकेचे मान्यवर होते, न्यायाधीश होते, उमराव होते. प्रत्येक जण हुद्द्याने ब्रेडवुडच्या वरचा, आणि प्रत्येक जण फायरमनला आपापला हुकूम सोडत होता. एकाने बंब इकडे ओढायला लावला की दुसरा तिकडे न्यायला लावायचा. पूर्ण ट्रेनिंगही न झालेल्या माणसांनी ऐकायचं तरी कुणाचं?

या चौकशीनंतर नियम ठरला. आगीच्या ठिकाणी हुकूम एकट्या दलप्रमुखाचा चालणार, बाकीचा कितीही मोठा असो. आज हे ऐकताना साधं वाटतं. पण त्या काळात एका सुताराच्या पोराच्या हुकुमापुढे उमरावाने गप्प बसायचं, ही छोटी गोष्ट नव्हती.

आता ब्रेडवुडने माणसं उभी करायला घेतली. त्याने निवड केली तीच बघण्यासारखी आहे. कौलं चढवणारे घेतले, कारण उंच छपरावर चालायची त्यांना सवय. सुतार आणि गवंडी घेतले, कारण पेटलेली इमारत कुठून ढासळेल हे त्यांना कळतं. लोहार आणि प्लंबर घेतले, कारण पंप बिघडला तर जागेवर दुरुस्त करतील. सगळे आपापला धंदा सांभाळून दलात काम करणारे. कसरतीसाठी व्यायामशाळा, आणि सराव ठेवला भल्या पहाटे. शहर झोपलेलं असतं, रस्ते मोकळे असतात, आणि अंधारात पाइप जोडायची हाताला सवय लागते. आग काय दिवसा उजेडी वेळ घेऊन येत नाही.

त्याची आग विझवायची पद्धतही नवी होती. तोवरचा रिवाज म्हणजे रस्त्यावर उभं राहायचं आणि ज्वाळा दिसेल तिथे लांबून पाण्याची धार सोडायची. ब्रेडवुडचं म्हणणं असं की ज्वाळेवर मारलेलं पाणी वाया जातं. आत शिरा, आग जिथून सुरू झाली ते मूळ शोधा आणि पाणी तिथे मारा. आत जाताना एकट्याने कधीच जायचं नाही, जोडीदार हवाच, कारण धुरात एक पडला तर दुसरा त्याला ओढून आणेल. धूर दाटला तर जमिनीलगत रांगत जायचं, कारण श्वास घेण्याजोगी हवा शेवटपर्यंत खाली उरते. आजही शाळेत फायर ड्रिलला मुलांना हेच रांगणं शिकवतात.

आणि स्वतः? हंटर स्क्वेअरमधल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली. आत बंदुकीच्या दारूची पिंपं आहेत असं कळलं. ब्रेडवुडने कुणालाही आत जायला सांगितलं नाही. ओली घोंगडी घेऊन तो स्वतः आत शिरला, एक पिंप बाहेर आणलं, परत गेला आणि दुसरंही घेऊन आला. यानंतर त्याची माणसं त्याचा शब्द खाली पडू देईनात यात नवल नाही.

१८३० मध्ये त्याने हे सगळं पुस्तकात लिहून काढलं. पंप कसा असावा, फायरमन कसा घडवावा, आगीच्या जागी पोचल्यावर पहिल्यांदा काय करावं. इंग्रजीत या विषयावर इतकं पद्धतशीर तोवर कुणी लिहिलं नव्हतं. लेखकाचं वय तेव्हा अवघं ३०.

हे पुस्तक गाजलं आणि लंडनचं बोलावणं आलं. १८३३ मध्ये तिथल्या विमा कंपन्यांनी आपल्या टोळ्या एकत्र करून एक दल बनवलं आणि ब्रेडवुडला त्याचा प्रमुख केलं. हाताखाली सुमारे ८० माणसं, आणि सांभाळायचं लंडन! इथे त्याने निवडीचा नियम बदलला. कारागिरांऐवजी खलाशी घेतले. जहाजावर रात्री-अपरात्री उठायची, दोरावर चढायची आणि हुकूम निमूट पाळायची त्यांना सवय असते. इथली नोकरी पूर्णवेळ होती, दिवसरात्र ड्युटीवर. ब्रेडवुड स्वतः बायकामुलांसह वॉटलिंग स्ट्रीटच्या मुख्य केंद्रातच राहायचा.

पंप तेव्हा हाताने चालायचे. दोन्ही बाजूंना लांब दांडे, त्यावर वीस-तीस माणसं वरखाली जोर लावणार. त्यासाठी रस्त्यावरचीच माणसं बोलवायची, पहिल्या तासाला एक शिलिंग आणि वर बिअर. बिअर संपली की पंप थांबायचा, म्हणजे आग विझवायची तर आधी पिंप भरलेलं पाहिजे!

ऑक्टोबर १८३४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या इमारतीला आग लागली. कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. सरकारी हिशेबासाठी पूर्वी लाकडी काड्या वापरायचे. त्या जुन्या काड्यांचा साठा जाळून टाकायचा म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्टीत कोंबला, आणि भट्टी इतकी तापली की संसदच पेटली. या इमारतीशी ब्रेडवुडच्या विमा कंपन्यांचा काहीच संबंध नव्हता, तरी तो १२ बंब आणि ६४ माणसं घेऊन धावला. दोन्ही सभागृहं गेली. पण सगळं वाचवता येणार नाही हे ओळखून जोर एका जागी लावला गेला, आणि शेकडो वर्षं जुना वेस्टमिन्स्टर हॉल वाचला. तो आजही उभा आहे.

पुढची पंचवीसेक वर्षं ब्रेडवुड एका गोष्टीबद्दल सारखा सावध करत राहिला. लंडनच्या बंदरात गोदामं मोठी मोठी होत चालली होती. मधे पुरेशा भिंती नाहीत, एकाच छपराखाली जगभरचा जळाऊ माल. अशी जागा एकदा पेटली की कुठलाही पंप पुरणार नाही, असं त्याचं मत होतं. ऐकलं फारसं कुणी नाही.

२२ जून १८६१, शनिवार. थेम्स नदीकाठी टूली स्ट्रीटवरच्या गोदामात संध्याकाळच्या सुमारास धूर दिसला. आत कापूस, ताग, चरबी, साखर, चहा, मसाले आणि सोरा. कोंदटलेल्या मालात आग आपोआप धुमसली असावी असं मानलं गेलं. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात आग जाऊ नये म्हणून लोखंडी दारं बसवलेली होती, पण ती उघडीच राहिली होती. नदीला ओहोटी, त्यामुळे पाण्यावरचे पंप जवळ येईनात.

ज्यांनी कापसाची आग पाहिली आहे त्यांना माहीत असेल, ती वरून विझली तरी गठाणीच्या पोटात जिवंत राहते. आत शिरून मूळ शोधायचं हा ब्रेडवुडचा नियम अशा गोदामापुढे हतबल होता. आत जायला जागाच नव्हती.

वय ६०. उष्णतेने बेजार झालेल्या आपल्या माणसांमधून तो फिरत होता. एका फायरमनच्या हातातून रक्त येत होतं, त्याला ब्रेडवुडने गळ्यातला रेशमी रुमाल सोडून बांधला. दमलेल्यांना घोट घोट ब्रँडी देऊन तो त्यांना धीर देत होता, तोच गोदामाची भिंत फुगली आणि कोसळली. ब्रेडवुड आणि शेजारी उभा असलेला दुसरा एक जण जागीच गेले. आग इतकी भडकली होती की त्याचा देह ढिगाऱ्यातून काढायला दोन-तीन दिवस लागले. आग पूर्ण विझायला दोन आठवडे.

अंत्ययात्रा दीड मैल लांब होती. लंडनभर चर्चच्या घंटा वाजल्या. त्याला ॲबनी पार्कच्या दफनभूमीत पुरलं. त्याचा सावत्र मुलगाही फायरमन होता, आणि काही वर्षं आधी तोही ड्युटीवरच गेला होता.

नुकसान झालं सुमारे २० लाख पौंडांचं. विमा कंपन्यांनी हात टेकले आणि हे ओझं आम्हाला झेपत नाही असं सरकारला कळवलं. त्यातून १८६५ चा कायदा आला आणि १८६६ पासून लंडनला लोकांच्या पैशावर चालणारं सार्वजनिक अग्निशमन दल मिळालं. ब्रेडवुड असताना जे झालं नाही, ते त्याच्या मरणाने झालं.

लंडनची ही शिस्त मुंबईतही आली. मुंबईत आग विझवणं आधी पोलिसांकडे होतं. १८८८ च्या कायद्याने ती महापालिकेची जबाबदारी ठरली आणि १८९० मध्ये लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकोल्स मुंबईच्या दलाचे प्रमुख म्हणून आले.

तरीही एडिनबराचा जुना गोंधळ मुंबईत पुन्हा घडला, तोही कापसावरूनच. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या तळात धूर दिसला. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गठाणी. पाणी वरून ओतलं जात होतं आणि आगीचं मूळ सापडत नव्हतं. जहाज जागेवर बुडवायचं की बाहेर समुद्रात न्यायचं? कप्तान, लष्कराचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख कूम्ब्स, सगळे तिथेच होते. शेवटचा हुकूम कुणी द्यायचा हे ठरलं नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं मेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले फायर अधिकारी तिथे घडतात, आणि बुलढाण्याहून ते साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे.

ज्या पार्लमेंट स्क्वेअरला १८२४ च्या आगीने गिळलं, तिथे २००८ मध्ये ब्रेडवुडचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती असते, गावोगाव मिरवणुका निघतात, त्यामुळे या दिवसाची आठवण बऱ्याच जणांना नसते. अग्निशमन केंद्रांमध्ये मात्र त्या दिवशी त्या ६६ जणांना मानवंदना दिली जाते.