इंदूरचे दीनदयाळ आणि पडद्याआडचा कॅमेरा

जुन्या घरांच्या माजघरात टांगलेल्या तसबिरी पाहताना एक गोष्ट ध्यानी येते. पणजोबांची तसबीर असते. पणजीची पुष्कळदा नसतेच. हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. परक्या पुरुषासमोर कुलीन स्त्रीने स्थिर नजरेने बसावयाचे, हे त्या काळच्या रीतीस मानवणारे नव्हते. ही अडचण ओळखून तीवर उपाय काढणाऱ्या कलावंताच्या आयुष्याची उमेदीची वर्षे इंदूरच्या सरकारी कचेरीत नकाशे आखण्यात व अंदाजपत्रके करण्यात गेली होती.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठनजीकच्या सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या कुळात झाला. रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरला नोकरीस आले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, तिशीला पोहोचल्यावर. त्या काळी ही कला म्हणजे मोठीच यातायात होती. काचेवर रसायनाचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या खोलीत शिरावयाचे! इंदूराधिपती दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या नवशिक्याची पारख केली व मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. १८७५-७६ च्या युवराजांच्या दौऱ्यात त्यांना छायाचित्रे घेण्याची संधी लाभली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तू त्यांनी टिपल्या. होळकरांच्या दानशूरपणाच्या कथा आपण आवडीने सांगतो. त्यांत या गुणग्राहकतेची भर घालण्यास हरकत नसावी.

नोकरी सोडल्यावर दीनदयाळ हैदराबादकडे वळले. निजाम महबूब अली खान यांनी त्यांना आश्रय दिला, राजा हा किताबही दिला. परंतु राजेरजवाड्यांची चित्रे काढणारे इतरही होते. आमच्या मते त्यांचे खरे धाडस १८९२ सालचे. त्या वर्षी त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा उघडली. सभोवती उंच भिंती, पुरुषांस सक्त मज्जाव, आणि कॅमेऱ्यामागे श्रीमती केनी-लेविक ही आंग्ल महिला. तिच्या हाताखाली एतद्देशीय स्त्रिया मदतनीस होत्या. यात धंद्याची दृष्टी होती, हे उघड आहे. पण जेथे आपला प्रवेश नाही तेथे आपले यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे प्रत्येक कलावंतास जमत नाही.

कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, विलायतेत कॅमेरा हाती घेतला व व्यक्तिचित्रांच्या क्षेत्रात स्वतःचे नाव कमावले. त्यांना घराचे, प्रतिष्ठेचे पाठबळ होते. हैदराबादच्या त्या मदतनीस स्त्रिया मात्र पगारी होत्या. जनान्यातील चित्रेही पेढीचीच म्हणून गणली गेली.

दीनदयाळ १९०५ साली मुंबईत निवर्तले. तेथेही १८९६ पासून त्यांची चित्रशाळा होती. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले. हे सर्व योग्यच झाले. यापुढे त्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरतील तेव्हा जनान्यातील चित्रांखाली श्रीमती केनी-लेविक यांचे नाव यावे, त्यांच्या मदतनिसांचा उल्लेख व्हावा, आणि असे एखादे प्रदर्शन इंदूरलाही भरावे, अशी आमची सूचना आहे.