आकाशातील पहिला प्रवासी

फ्रान्स देशातील मेत्स या नगरात ३० मार्च १७५४ रोजी पिलात्र द रोझिए याचा जन्म झाला. त्याचे वडील खाणावळ चालवीत. लहानपणी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असता पिलात्रला रसायनशास्त्राची गोडी लागली. पुढे तो पॅरिसला गेला आणि १७८१ मध्ये त्याने तेथे एक संग्रहालय उघडले. निरनिराळ्या वायूंचे प्रयोग तो तेथे करून दाखवी व ते पाहावयास मोठमोठे सरदार येत. जिवाची पर्वा त्याला फारशी नव्हती. हायड्रोजन वायू पेट घेतो हे पाहण्यासाठी एकदा त्याने तो तोंडात भरून ज्योतीवर फुंकला आणि त्यात आपल्या भुवया जाळून घेतल्या, अशी हकीकत सांगतात.

याच सुमारास आनोने गावच्या मोंगोल्फिए बंधूंनी एक नवल घडविले. हे दोघे भाऊ कागदाचे कारखानदार. ४ जून १७८३ रोजी त्यांनी कापड व कागद यांचा एक प्रचंड फुगा करून त्याच्या तोंडाखाली जाळ केला, तोच फुगा आकाशात चढला. तापलेली हवा प्रसरण पावून भोवतालच्या थंड हवेहून हलकी होते व फुग्यास वर उचलते. गंमत अशी की, हे मर्म त्या भावांनाच उमगले नव्हते. धुरातच उचलण्याचा काही गुण आहे, असे ते समजत! १९ सप्टेंबर रोजी व्हर्साय येथे राजासमोर त्यांच्या फुग्यातून एक मेंढी, एक बदक व एक कोंबडा यांनी प्रवास केला. तिन्ही प्राणी जिवंत उतरले.

आता पाळी मनुष्याची होती. सोळाव्या लुई राजाच्या मनात आले की, देहान्ताची शिक्षा झालेले कैदी वर पाठवावेत. पिलात्रला हे मुळीच रुचले नाही. आकाशात प्रथम जाण्याचा मान एखाद्या अपराध्यास का मिळावा? मार्की दार्लांद या सरदाराच्या साहाय्याने त्याने राजाचे मन वळविले आणि तो मान स्वतःकडे घेतला.

२१ नोव्हेंबर १७८३ रोजी हे दोघे पॅरिसमधून निघाले. सुमारे २३ मीटर उंचीचा तो निळा-सोनेरी फुगा त्यांना घेऊन वर चढला. फुग्याच्या तळाशी वेताचा सज्जा होता. तोल राहावा म्हणून दोघे समोरासमोरच्या बाजूंना उभे होते आणि मधल्या शेगडीत गवताच्या पेंढ्या टाकीत होते. जाळ मंदावला तर फुगा खाली येणार आणि भडकला तर कापडच पेटणार! खरोखरच ठिणग्यांनी कापडाला भोके पडू लागली. तेव्हा ओल्या स्पंजाने त्यांनी ती आग विझविली. सुमारे २५ मिनिटांत ९ किलोमीटर अंतर ओलांडून ते शेतांच्या बाजूस सुखरूप उतरले. बंधनमुक्त फुग्यातून मनुष्याने केलेला हा पहिला प्रवास होय.

यानंतर पिलात्रने फ्रान्सहून इंग्लंडला उडत जाण्याचा ध्यास घेतला. परंतु ७ जानेवारी १७८५ रोजी ब्लांशार व जेफ्रीज यांनी इंग्लंडहून निघून हायड्रोजनच्या फुग्यातून इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रान्सकडून जाणाऱ्यास मात्र वारा बहुधा समोरून येई. शिवाय या कामी सरकारचा पैसा लागला होता. माघार घेणे सोपे नव्हते. पिलात्रने वर हायड्रोजनचा फुगा व खाली तापलेल्या हवेचा फुगा अशी जोडी केली. विस्तवाशेजारी हायड्रोजन! ज्याने आपल्या भुवया जाळून घेतल्या होत्या, त्याला हा धोका कळला नसेल असे म्हणवत नाही.

अनुकूल वाऱ्याची कित्येक महिने वाट पाहून १५ जून १७८५ रोजी तो रोमें या सोबत्यासह बूलोन्यहून निघाला. वाऱ्याने फुगा पुन्हा किनाऱ्याकडे लोटला. इतक्यात वरील फुग्यातील वायू निसटला आणि विमरो गावाजवळ दोघेही खाली कोसळून मरण पावले. पिलात्रचे वय त्या वेळी ३१ वर्षांचे होते. आकाशातील पहिल्या प्रवाशाचीच आकाशयानाच्या पहिल्या बळींत गणना झाली.

तथापि त्याची कल्पना टाकाऊ नव्हती. पुढे हायड्रोजनच्या जागी न जळणारा हेलियम वायू वापरून तशी जोड-बलूने तयार झाली. त्यांना रोझिए असेच नाव पडले. मार्च १९९९ मध्ये बर्ट्रांड पिकार व ब्रायन जोन्स हे अशाच एका बलूनमध्ये स्वित्झर्लंडहून निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून सुमारे २० दिवसांनी इजिप्तच्या वाळवंटात उतरले.