ओझ्याचा हिशेब जाणणारा प्रवासी

दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या रोआल्ड अमुंडसेन यांचा जन्म १६ जुलै १८७२ रोजी नॉर्वेत झाला. त्यांच्या यशाचे श्रेय बहुधा धाडसाला दिले जाते. प्रत्यक्षात बरोबर काय घ्यावे आणि काय वगळावे, याचा काटेकोर हिशेब हे त्यांचे खरे सामर्थ्य होते. हा धडा मात्र त्यांना जिवावर बेतल्यानंतर मिळाला.

१८९६ च्या हिवाळ्यात ते भाऊ लिओन यांच्यासह हार्डांगर पठार ओलांडण्यास निघाले. दोन दिवसांची वाट समजून त्यांनी तंबू घेतला नाही, शिधाही मोजकाच ठेवला. हिमवादळात वाट चुकली, शिधा बर्फात हरवला आणि एका रात्री झोपेतच रोआल्ड बर्फाखाली गाडले गेले. भावाने उकरून काढल्यामुळेच ते वाचले. ओझे हलके होते. पण ते त्या ऋतूला आणि त्या निर्जन पठाराला साजेसे नव्हते.

१९०३ ते १९०६ या काळात वायव्य सागरी मार्गाने जाताना ते नेट्सिलिक लोकांच्या सहवासात राहिले. कातड्याचे सैल, दुपदरी कपडे वजनाला हलके असूनही कडाक्याच्या थंडीत ऊब देतात आणि घाम साचू देत नाहीत, हे त्यांनी तेथे पाहिले.

दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत हे सारे ज्ञान पणाला लागले. १९११ च्या अंधाऱ्या हिवाळ्यात सहकारी ओलाव्ह ब्यालांड यांनी स्लेजचे लाकूड तासून त्यांचे वजन निम्म्याहूनही कमी केले. जेथे मदत पोहोचणे अशक्य होते, तेथे मात्र काटकसर नव्हती. ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर सुमारे तीन टन शिधा आधीच पोहोचविला गेला. धुक्यातही तळ सापडावेत म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंना दूरवर खुणा रोवण्यात आल्या. रॉकेलचे डबेही झाळून बंद केले होते.

तरीही उतावीळपणा एकदा नडलाच. ८ सप्टेंबर रोजी ते वेळेआधी निघाले. पारा उणे ५६ अंशांपर्यंत उतरला, सहकाऱ्यांचे पाय हिमदंशाने बधिर झाले आणि परतावे लागले. ऑक्टोबरमध्ये पाच जण ५२ कुत्र्यांसह पुन्हा निघाले. हिमनदी चढून पठारावर पोहोचताच एक स्लेज मागे ठेवली गेली आणि २४ कुत्री ठरल्याप्रमाणे मारून त्यांचे मांस माणसांनी व उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ले. हा हिशेब निष्ठुर होता. १४ डिसेंबर १९११ रोजी त्यांनी ध्रुव गाठला आणि २५ जानेवारी १९१२ रोजी पाचही जण ११ कुत्र्यांसह सुखरूप परतले.

१८ जून १९२८ रोजी, उत्तर ध्रुव प्रदेशात संकटात सापडलेल्या उंबेर्तो नोबिले यांच्या शोधार्थ अमुंडसेन विमानाने निघाले. ते परतलेच नाहीत. आयुष्यभर परतीचा शिधा मोजून ठेवणाऱ्या या प्रवाशाचा अखेरचा प्रवास दुसऱ्याच्या प्राणांसाठी होता.