मार्टिनस विलेम बायेरिंक

मार्टिनस विलेम बायेरिंक (१६ मार्च, इ.स. १८५१ – १ जानेवारी, इ.स. १९३१) हे डच वनस्पतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून त्यांनी जिवाणू वेगळा केला, तसेच हवेतील नत्र स्थिर करणारा ॲझोटोबॅक्टर हा मुक्तजीवी जिवाणू शोधला. नत्र स्थिरीकरणाच्या जनुकशास्त्रीय अभ्यासाला त्यांच्या या कार्यामुळे आधार मिळाला. विषाणूच्या संकल्पनेच्या प्रवर्तकांतही त्यांची गणना होते.

जीवन

बायेरिंक यांचा जन्म ॲम्स्टरडॅम येथे झाला. डेल्फ्ट येथील पॉलिटेक्निकमधून त्यांनी इ.स. १८७२ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदविका घेतली. वनस्पतींवरील गाठींविषयी प्रबंध लिहून इ.स. १८७७ मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. वाखेनिंगेन येथील कृषिशाळेत अध्यापन केल्यानंतर इ.स. १८८५ मध्ये ते डेल्फ्टमधील यीस्ट व मद्यार्काच्या कारखान्यात संशोधक म्हणून रुजू झाले. इ.स. १८९५ ते १९२१ या काळात ते डेल्फ्ट पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक होते. ते अविवाहित राहिले. करड्या शिस्तीमुळे विद्यार्थ्यांना त्यांचा धाक वाटे. इ.स. १९०५ मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक प्रदान करण्यात आले. निवृत्तीनंतर ते खोर्सेल या गावी राहिले व तेथेच त्यांचे निधन झाले.

नत्र स्थिरीकरणावरील संशोधन

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असला, तरी वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. मुळांवर गाठी असलेल्या शेंगावर्गीय वनस्पती हवेतील नत्र मिळवतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल व विल्फार्ट यांनी इ.स. १८८६ मध्ये जाहीर केले. मात्र गाठीत नेमका कोणता जीव आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. इ.स. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठींतील जिवाणूचे शुद्ध संवर्धन केले आणि त्यास बॅसिलस रॅडिसिकोला असे नाव दिले. हा जिवाणू पुढे रायझोबियम या नावाने ओळखला जाऊ लागला. शुद्ध संवर्धनातील जिवाणू बाकल्याच्या रोपांना देऊन त्यांनी मुळांवर गाठी निर्माण करून दाखवल्या. गाठ हा वनस्पतीचा केवळ स्वतःचा अवयव नसून मातीतून आलेल्या जिवाणूमुळे ती तयार होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

तथापि वनस्पतीपासून वेगळा केलेला हा जिवाणू नत्र स्थिर करतो, असे त्यांना दाखवता आले नाही. नत्र स्थिर करण्याची क्षमता जिवाणूची की वनस्पतीची, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

इ.स. १९०१ मध्ये त्यांनी नत्रसंयुगे नसलेल्या माध्यमात माती मिसळली. अशा माध्यमात हवेतील नत्र वापरू शकणारे जीवच जोमाने वाढतात. या समृद्धी संवर्धन पद्धतीने त्यांना ॲझोटोबॅक्टर सापडला. विनोग्राड्स्की यांना पूर्वी मिळालेला मुक्तजीवी नत्र-स्थिरीकारक जिवाणू ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणारा होता. ॲझोटोबॅक्टर मात्र हवेच्या सान्निध्यात वाढतो.

अन्य संशोधन

इ.स. १८९८ मध्ये त्यांनी तंबाखूच्या मोझेक रोगाचे कारण जिवाणू नसून सूक्ष्म गाळणीतून पार होणारा सजीव संसर्गजन्य द्रव असल्याचे मांडले. हा घटक द्रवरूप नसून कणरूप असल्याचे पुढे सिद्ध झाले. सल्फेटचे अपचयन करणारा जिवाणूही त्यांनी इ.स. १८९५ मध्ये वेगळा केला. सूक्ष्मजीवांतील आनुवंशिक बदलांवरही त्यांनी लेखन केले.

जनुकशास्त्रातील वारसा

बायेरिंक यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर मिळाले. इ.स. १९७२ मध्ये डिक्सन व पोस्टगेट यांनी क्लेब्सिएला जिवाणूची नत्र-स्थिरीकरणाची जनुके एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूत संक्रमित केली आणि तोही नत्र स्थिर करू लागला. या जनुकांना निफ जनुके म्हणतात. त्यांपैकी काही जनुके नायट्रोजिनेज या विकराची प्रथिने घडवतात. हा विकर ऑक्सिजनने निकामी होतो. इ.स. १९७५ मध्ये मंद गतीने वाढणाऱ्या काही रायझोबियम प्रकारांनी अल्प ऑक्सिजनात, वनस्पतीविनाही नत्र स्थिर केल्याचे आढळले. म्हणजे क्षमता जिवाणूच्या जनुकांत होती. तिला आवश्यक असलेली अल्प ऑक्सिजनाची स्थिती मात्र गाठीत वनस्पती राखत होती.

महाराष्ट्रात तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या बियाण्यास पेरणीपूर्वी रायझोबियम जिवाणू संवर्धकाची बीजप्रक्रिया केली जाते. ज्वारीसारख्या तृणधान्यांसाठी ॲझोटोबॅक्टर वापरतात.